विस्मृत ब्रिटिश कंट्री लेबलचा माग कसा काढावा

कंट्री संगीताच्या तबकड्या काढणाऱ्या अशा कंपनीचा, म्हणजेच लेबलचा, शोध घेताना सुरुवात तबकडीपासूनच करावी. कंपनीने तबकडीला दिलेला कॅटलॉग क्रमांक उतरवून घ्यावा आणि मग तबकडी दिव्याखाली तिरकी धरून, शेवटचे गाणे संपल्यावर मधल्या कागदी लेबलपर्यंत उरणाऱ्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (साच्याचा ओळखक्रमांक) वाचावा, कारण ती कोणत्या कारखान्यात तयार झाली याचा सुगावा पुष्कळदा या बारीक अक्षरांतूनच लागतो. मला हाच पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या ऑनलाइन सूचीवर लगतचे क्रमांक जुळवून पाहावेत. कंपनी नोंदणीकृत असल्यास कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या नोंदी, आणि ती विसर्जित झाली असल्यास लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रातील सूचना तपासाव्यात. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘कंट्री म्युझिक पीपल’ या मासिकाच्या जुन्या अंकांतील छोट्या जाहिराती मात्र पानोपान, संयमाने चाळाव्यात.