गिटार अँपमधली घुंई: दुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे ऑर्केस्ट्रावाले अँप घेऊन दुकानात येतात. तक्रार बहुधा एकच, "घुंई करायलाय बघा." कामाला नवीन आलेल्या पोराच्या हातात मी लगेच स्क्रूड्रायव्हर देत नाही. खोका उघडण्याआधीच दोष कुठे आहे ते पुष्कळसं कळतं, आणि ते कळणं हीच खरी कारागिरी.

आधी गिटारची पिन काढा. बहुतेक अँपमध्ये पिन निघाली की इनपुट आपोआप ग्राउंडला जोडला जातो. आवाज थांबला तर दोष गिटारमध्ये, केबलमध्ये नाहीतर त्या खोलीत. थांबला नाही तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही तेवढाच राहिला तर पॉवर सप्लाय किंवा आउटपुट बघायचं. व्हॉल्यूमबरोबर घटला तर प्रीअँप, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग.

आता कान लावा. आपली वीज 50 हर्ट्झची. डायोड ब्रिजमधून (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) गेल्यावर तिची लहर 100 हर्ट्झची होते. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा (फ्रेटचा) स्वर 98 हर्ट्झचा असतो. तो छेडा. अँपची घरघर त्याला जवळजवळ मिळाली, किंचित चढी वाटली, तर संशय फिल्टर कंडेन्सरवर, म्हणजे ही लहर सपाट करणाऱ्या कंडेन्सरवर. त्याचं डोकं फुगलंय का पाहा, पण सपाट दिसला म्हणून सोडू नका, आतून सुकलेला असू शकतो. त्याच्याही खाली, मोकळ्या जाड तारेपेक्षा खोल गुणगुण असेल तर ती 50 ची: ट्रान्सफॉर्मर, सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचा, कंपनं पकडणारा एका कॉइलचा भाग) किंवा अर्थ लूप (दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली की होणारा फेरा). गिटार धरून जागच्या जागी फिरा. आवाज कमी-जास्त झाला तर पिकअप तो हवेतून ओढतोय. याच त्रासावर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी उलटसुलट जोडलेल्या दोन कॉइलचा हंबकर पिकअप बनवला. पेटंटचा अर्ज 1955 चा.

अर्थ लूपबद्दल मला कळकळीने सांगायचंय. अँप एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर, असं मांडवात सर्रास असतं. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, बरेचदा घुंई तिथेच संपते. पण आवाज घालवायला थ्री-पिनची अर्थ पिन कापणारे आहेत. कुणी कितीही घाई केली तरी ते करू नका. वाजवणाऱ्याच्या बोटांखाली लोखंडी तारा असतात, समोर माइक असतो; अर्थ नसेल तर त्यांतून शॉक बसू शकतो. तारांना हात लावल्यावर बारीक झिणझिण जाणवली तर कार्यक्रम थांबवून आधी अर्थिंग तपासा.

नॉब फिरवताना करकर आली तर पॉट (नॉबखालचा, फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर) मळलाय; कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, खोबरेल नको. खानापूरकडच्या पावसाळ्यात जॅकही गंजतात. अँपवर थाप मारल्यावर खरखर आली तर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा जोड, शोधा. गेन वाढवल्यावर येणारी सूऽऽ बरीचशी स्वाभाविक असते. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, उगाच पार्ट बदलू नका.

व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) अँप आला तर प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट उरू शकतात. रेझिस्टर लावून उतरवा, मीटरने मोजा, मगच हात घाला. जाणत्या माणसाशेजारी बसल्याशिवाय तो उघडूच नका.

आणि फोनवर तक्रार आली की सांगा, नुसता अँप नको, गिटार आणि रोजची केबलही घेऊन या.