मोबाइलवरच्या कटू मजकुरापासून दूर होऊन संध्याकाळ मोकळी कशी करावी

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ मध्ये एक वेगळी प्रथा सुरू झाली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला, की पुढचा दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे. करोनाच्या काळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेले मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटत नव्हते आणि मोठ्यांचीही तीच गत होती, म्हणून गावाने मिळून हा निर्णय घेतला. शहरातल्या घरात भोंगा नसतो, पण ठरलेली वेळ आणि सगळ्यांची सोबत या दोन गोष्टी कोणत्याही घराला जमण्यासारख्या आहेत. एकट्याच्या निर्धारापेक्षा माझा या दोहोंवर अधिक भरवसा आहे.

सुरुवात मोबाइल बंद करण्यापासून करू नका. आपल्याला नेमके काय त्रास देते, हे आधी पाहा. काही दिवस, दर वेळी मोबाइल खाली ठेवला की लगेच एका कागदावर दोन ओळी लिहाव्यात: काय पाहिले आणि मन कसे झाले. कुणाला वृत्तवाहिन्यांवरच्या आरडाओरड्याच्या चर्चा छळतात, कुणाला गुन्ह्यांचे व्हिडिओ, कुणाला जातिधर्मावरून प्रतिक्रियांमध्ये चाललेली भांडणे. आपण कशावर किती वेळ थांबलो याची नोंद यूट्यूब, फेसबुकसारखे मंच ठेवतात आणि तशाच प्रकारचा मजकूर पुन्हा पुढे आणतात, त्यामुळे संतापाने पाहिलेला व्हिडिओही आवडीचाच ठरतो. ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की तो उघडून पाहिला जाण्याचे प्रमाण सरासरी २.३ टक्क्यांनी वाढते, असे आढळले होते. म्हणजे वाईटाकडे ओढले जाणे हा केवळ आपला दुबळेपणा नाही. त्या ओढीवर कुणाचा तरी व्यवसाय चालतो.

त्रासाचे मूळ कळले की मोबाइलमधील बदल अर्ध्या तासात होतात. बातम्यांच्या ॲपची नोटिफिकेशन बंद करावीत. शाळेचा आणि सोसायटीचा ग्रुप ठेवून बाकीचे व्हॉट्सॲप ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावेत. यूट्यूबवर ऑटोप्ले आणि पाहिलेल्या व्हिडिओंची हिस्टरी बंद करून जुनी हिस्टरीही पुसून टाकली, की पहिल्या पानावर शिफारशींची रांग लागत नाही. फेसबुकवर एखाद्याला अनफॉलो केले तरी मैत्री कायम राहते आणि त्या व्यक्तीला तसे कळवले जात नाही, तेव्हा नातेवाइकांच्या बाबतीतही संकोच नको. सगळी ॲप काढून टाकण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे, कारण घरातली निम्मी कामे आता त्यांवरच चालतात आणि चार दिवसांत ती पुन्हा घ्यावी लागतात.

यानंतर बातमी कुठून घ्यायची ते ठरवावे. सकाळचे छापील वर्तमानपत्र किंवा आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या एवढे बहुतेकांना पुरते, कारण या दोहोंना शेवट असतो. पावसाळ्यात अतिवृष्टीचे इशारे पाहण्यात हयगय करू नये, पण तेही हवामान विभागाचे किंवा प्रशासनाचेच असावेत. आलेला फॉरवर्ड ही बातमी नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाच्या मनावर ठसायला हवे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. तशाच अफवांनी देशभर बळी घेतल्यावर त्या वर्षी व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. खात्री नसलेला संदेश पुढे न पाठवणे हे आपल्या मनःशांतीइतकेच दुसऱ्याच्या जिवासाठीही आवश्यक आहे.

खरी कसोटी रिकाम्या झालेल्या वेळेची असते, आणि बहुतेक संकल्प याच ठिकाणी मोडतात. त्या वेळेत काय करायचे हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे, आणि ते शक्यतो दोन्ही हात गुंतवणारे असावे. मेथीची जुडी निवडताना, मटार सोलताना, कुंडीतली माती उकरताना किंवा पेटीवर बोटे बसवताना मोबाइल हाती घेता येत नाही, आणि गप्पा मात्र आपोआप सुरू होतात. माळ्यावरचा कॅरम खाली काढून पुसून ठेवावा. मुलांना शाळेच्या मैदानावर न्यावे, स्वतः जवळच्या टेकडीवर जावे, भजनी मंडळात नाव घालावे. सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व तर मी प्रत्येक घराला सुचवीन. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करत आले आहे, आणि लहान गावांतही वाचनालये आहेत. पुस्तक बदलायला चालत जाणे, वाटेत ओळखीचे कुणी भेटणे, दिवाळी अंकासाठी नंबर लावणे यांत एक संध्याकाळ सहज आणि आनंदाने जाते. पहिले काही दिवस हात खिशाकडे जाईल, करमणार नाही. हे होणारच, असे धरून चालावे. मोबाइल त्या वेळेत दुसऱ्या खोलीत, आवाज चालू ठेवून ठेवला की महत्त्वाचा फोन चुकत नाही.

उदासी मात्र आठवडेच्या आठवडे टिकली, झोप आणि भूक गेली, तर हे उपाय पुरेसे नाहीत. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

घरातल्या निवृत्त वडीलधाऱ्यांच्या बाबतीत विशेष जपून वागावे. दिवसभर घरात एकटे असलेल्या माणसाला वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांच्या गोंगाटात सोबत मिळत असते, म्हणून त्यांच्या हातून मोबाइल काढून घेणे किंवा नातवंडांसमोर त्यांना उपदेश करणे सर्वस्वी चूक आहे. त्याऐवजी, ‘बाबा, जेवायच्या आधी खाली एक फेरी मारून येऊ, चलता का?’ असे विचारावे. गुडघे दुखत असतील तर बाकावर बसावे, आणि बोलण्याचा विषय त्यांना निवडू द्यावा.