मुलाखतीला काय घालावं? खान्देशातल्या उमेदवारासाठी

मुलाखतीचा मेसेज आला की घरात पहिला विषय निघतो तो नव्या कपड्यांचा. पोरगा लगेच जळगावच्या फुले मार्केटला नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडला निघतो. एवढी घाई नको. कपडे ठरवायचे ते उलट्या दिशेने: आधी मुलाखतीची जागा बघायची, मग तिथवरचा प्रवास, मग ऊन-पाऊस, आणि सगळ्यात शेवटी कपाट उघडायचं. या क्रमाने गेलं तर बऱ्याच जणांना दुकानात जावंच लागत नाही, असं माझं मत आहे.

१. आधी जागा ओळखा

मुळात मुलाखत आहे का, तेच बघा. केंद्र सरकारच्या गट 'क' आणि गट 'ब'मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद आहेत. अशा ठिकाणी बोलावणं येतं ते कागदपत्रं तपासायला. त्याला स्वच्छ, इस्त्रीचे साधे कपडे पुरे.

खरी मुलाखत असेल तर जागेप्रमाणे फरक पडतो. जळगाव एमआयडीसीत पाइप, चटई, डाळ असे कारखाने आहेत. तिथे डिप्लोमावाल्याची मुलाखत खुर्चीत सुरू होते, पण पुष्कळदा साहेब मध्येच उठतात, "चला, प्लांट बघून येऊ." म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, साधी पँट आणि पाय पूर्ण झाकणारे बूट. लोंबणारं काहीही नको: टाय नको, सैल ओढणी नको. चालत्या मशीनजवळ ते धोक्याचं असतं, आणि समोरचा माणूस नेमकं तेच आधी बघतो.

शाळा-कॉलेजची मुलाखत वेगळी. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, घेताना डेमो लेक्चर द्यायला लावतात. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उंचावला की शर्ट पँटमधून सुटतो, कुर्ता वर सरकतो, पदर ढळतो. त्यामुळे शिक्षकी पेशाच्या कपड्यांची परीक्षा आरशासमोर नाही, भिंतीसमोर घ्यायची. हात वर करून दोन ओळी लिहिल्यासारखं करा आणि घरच्यांना मागून बघायला सांगा. खडूची पूड गडद रंगावर लगेच दिसते, हेही ध्यानात असू द्या.

बँकेच्या अधिकारी पदाला किंवा एमपीएससीच्या मुलाखतीला फिका साधा शर्ट, गडद पँट, काळे बूट, काळा पट्टा. टाय सवयीची असेल तरच. पुण्यातल्या आयटी कंपनीतले लोक टी-शर्टात दिसले तरी तुम्ही शर्ट-पँटच घाला. त्यांची नोकरी लागलेली आहे, तुमची लागायची आहे.

अंदाजच येत नसेल तर दोन उपाय आहेत. एक, एचआरला फोन करून सरळ विचारा: "मॅडम, मुलाखतीला कपड्यांबद्दल काही सूचना आहे का?" यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरा उपाय माझ्या जास्त आवडीचा. कंपनी जवळ असेल तर सुट्टीच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहा. युनिफॉर्ममधली मंडळी सोडून द्या, ऑफिसातून बाहेर पडणारे बघा. ते जे घालतात त्याहून एक पायरी वरचं तुम्ही घालायचं. दोन पायऱ्या वर गेलात तर लग्नाला आल्यासारखे दिसाल.

२. कापडापेक्षा माप बघा

महागडा पण ढगळ शर्ट आणि स्वस्त पण मापात बसलेला शर्ट यांत दुसराच उजवा दिसतो. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. पँट बुटावर हलकी टेकावी, टाचेखाली येऊ नये. खुर्चीत बसून बघा: पोटावरची बटणं ताणली जाऊन मध्ये फट पडत असेल तर तो शर्ट बाजूला. पँटची लांबी, कंबर, बाही हे सगळं टेलर मास्तर थोडक्या पैशांत करून देतात. खांदा मात्र सहसा नीट होत नाही, त्यामुळे रेडिमेड घेताना आधी खांदा तपासा.

दुकानात जाण्याआधी घरातला दिवाण उघडा. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून आलेले पँटपीस-शर्टपीस वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असतात. त्यातला एखादा फिका निळा किंवा पांढरा शर्टपीस आणि करडा किंवा नेव्ही ब्लू पँटपीस निघाला की काम झालं. चमकणारं कापड, मोठी चौकट, अंगावर सोनेरी छटा असलेलं पुन्हा पिशवीत ठेवा. कापड सुती असेल तर शिवायच्या आधी पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आक्रसतं. मास्तरांना स्पष्ट सांगा की मुलाखतीसाठी आहे, पँटची मोहरी फार चिंचोळी नको. लग्नसराईत मास्तरांच्या "परवा या"वर विसंबू नका. मुलाखतीच्या आठवडाभर आधी कपडे हातात पडतील अशी तारीख घ्या, म्हणजे एकदा धुऊन, घालून बघता येतात.

३. ऊन

मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा 44-45 च्या घरात जातो. कपड्यांवरचे बहुतेक सल्ले एसी गाडीतून एसी ऑफिसात उतरणाऱ्यासाठी लिहिलेले असतात. इथला उमेदवार स्टँडवर उतरून, रिक्षाने किंवा मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून पोचतो. त्यामुळे रंगाचा प्रश्न इथे शोभेचा नाही, घामाचा आहे. फिका करडा आणि मध्यम निळा रंग घामाचा डाग लगेच दाखवतात. पांढऱ्यावर तो सगळ्यात कमी दिसतो, अगदी गडद नेव्ही ब्लूवरही बराच लपतो. निव्वळ पॉलिस्टर नको, त्यातून हवा जात नाही. निव्वळ सुती किंवा लिनन मात्र तासाभराच्या बसप्रवासात चुरगळतं. सुती जास्त आणि पॉलिस्टर कमी असं मिश्र कापड या दोन्हींच्या मधला मार्ग. आत सुती बनियन घालाच, घाम ते शोषून घेतं. पांढऱ्या शर्टाच्या आत बाह्यांचं बनियन घेतलं तर त्याची कड उठून दिसत नाही.

ब्लेझर? उन्हाळ्यात माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. कोणी आग्रहच धरला तर हातावर घडी घालून न्या आणि आत गेल्यावर चढवा. धुळ्याचा हिवाळा मात्र उलटा: डिसेंबर-जानेवारीत सकाळचा पारा एक आकडी होतो. तेव्हा नक्षीचा स्वेटर शर्टावर घालून आत शिरू नका. प्रवासात घाला, गेटवर काढून बॅगेत ठेवा.

४. मुलींसाठी थोडं वेगळं

घरात आई, मावशी, काकू सगळ्यांचं एकच म्हणणं असतं: "साडीच नेस, शोभून दिसतं." दिसतंही. पण साडीची सवय असेल तरच. एरवी वर्षातून दोनदा साडी नेसणारी मुलगी मुलाखतीत अर्धं लक्ष निऱ्यांकडे देते. साधा सुती कुर्ता, सलवार किंवा स्ट्रेट पँट, फिकी ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनने पक्की केलेली, हे शाळा, बँक, हॉस्पिटल सगळीकडे चालतं. फॅक्टरीत ओढणीऐवजी कॉलरचा कुर्ता किंवा शर्ट-पँट बरी. साडीच नेसायची असेल तर काठापदराची भारी नको. पातळ सुती किंवा सुती-सिल्क घ्या, पदराला खांद्यावर पिन लावा आणि त्याच चपलांवर घरात पंधरा मिनिटं चालून बघा.

दागिन्यांचं काय? जळगाव सोन्याचं गाव, त्यामुळे हात आवरणं जड जातं! मंगळसूत्र, लहान कानातलं, घड्याळ एवढ्यात भागतं. वाजणाऱ्या बांगड्या आणि पैंजण त्या दिवशी घरी. शांत खोलीत प्रत्येक हालचालीला आवाज झाला की बोलणारीचंच लक्ष उडतं. पोरांच्या गळ्यातली चेन शर्टाच्या आत असावी. आखाजीची (अक्षय तृतीयेची) मेंदी हातावर उरली असेल तर काळजी नको, त्यात वावगं काही नाही.

गाडीवरून जाणाऱ्यांना सनकोट आणि स्कार्फ लागणारच. सनकोटाने कुर्ता धुळीपासून वाचतो, पण आत जायच्या आधी तो काढून, केस सारखे करायला दहा मिनिटं हाताशी हवीत.

५. प्रवासाचे कपडे वेगळे, मुलाखतीचे वेगळे

पुण्या-मुंबईची मुलाखत असेल तर रात्रीच्या गाडीत मुलाखतीचे कपडे घालून झोपू नका. शर्टाची सगळी बटणं लावून घडी घाला, कॉलर दबू नये म्हणून आत गुंडाळलेले मोजे ठेवा, पँट शिवणीवर दुमडून शर्टाभोवती ठेवा आणि हे सगळं एका सपाट पिशवीत बॅगेच्या वरच्या भागात. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन कपडे बदला. प्रवासाला चप्पल, बूट वेगळ्या पिशवीत.

जवळची मुलाखत असली तरी एसटीत निदान शर्ट तरी बदलता येईल अशी तयारी ठेवा. गळ्यातला बागायती रुमाल घाम पुसायला उत्तम, पण तो गेटबाहेर बॅगेत जाऊ द्या. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला धरते ती सुटत नाही. बॅगेत एक ओलं आणि एक कोरडं फडकं असावं. बुटाला पॉलिश आदल्या रात्रीच करा, सकाळी केलं तर त्याचे डाग हाताला आणि मग बाहीला लागतात. मोजे पँटच्या रंगाचे आणि नडगीपर्यंत येणारे, म्हणजे बसल्यावर पाय उघडा दिसत नाही. स्पोर्ट्स शूज शर्ट-पँटवर नको. नवे बूट घेतलेच तर चार-पाच दिवस घरात घालून सैल करा, चावणारा बूट चालण्यातून कळतो.

६. ऑनलाइन मुलाखत असेल तर

बारीक रेघांचा किंवा बारीक चौकटीचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरल्यासारखा दिसतो. एकरंगी घ्या, आणि मागची भिंत पांढरी असेल तर पांढरा टाळा. खाली बर्मुडा घालून बसू नका, मध्येच कागद आणायला उठावं लागतं.

७. आदल्या दिवशी

सगळं अंगावर चढवून एकदा खाली बसा, वाका, जिना चढा. सैल बटण, उसवलेली शिलाई, पँटच्या खिशातली जुनी चिठ्ठी, कॉलरवरचा डाग हे तेव्हाच सापडतं. इस्त्री बाहेर देत असाल तर कपडे दोन दिवस आधी द्या. अत्तर-सेंट अगदी थोडं, छोट्या बंद केबिनमध्ये त्याचा त्रास होतो. खिशात जाड पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा नको, ते बॅगेत ठेवा.

बॅगेत सुईदोरा, दोन पिना आणि एक जादा शर्ट असू द्या. आणि परत आल्यावर त्या दिवशी काय घातलं होतं ते फोनमध्ये लिहून ठेवा. दुसऱ्या फेरीला बोलावलं तर पँट तीच चालेल, शर्ट मात्र बदला.