गाळ्यात पहिलं सीएनसी आणताय? मग आधी हे करा

साकीनाका, वसईकडे हे बऱ्याचदा दिसतं, लोन काढून सीएनसी लेथ (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारं लेथ मशीन) येतं, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि मग मशीन कळणारा पोरगा एकच, तो जास्त पगारावर शेजारच्या गाळ्यात गेला की इकडे मशीन झाकून ठेवायची वेळ.

म्हणून सुरुवात पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) आधीच करा. डेमोला तुमचंच ड्रॉइंग, तुमचंच मटेरियल न्या आणि सायकल टाइम (एक नग निघायला लागणारा वेळ) मोबाईलवर लावून बघा. ट्रेनिंग किती दिवस, किती माणसांना, ते पीओमध्ये लिहून घ्या, आणि जमलं तर शेवटचा हप्ता आपला जॉब (मशीनवर करायचा पार्ट) मापात निघाल्यावरच द्यायचा असं ठरवा (कुरकुर करतील, करू देत).

ट्रेनिंगला पाठवायचं कोणाला, इथे खरी गंमत आहे. बरेच मालक भाच्याला पाठवतात कारण त्याला कॉम्प्युटर येतो. माझं मत, जुना टर्नर आणि आयटीआयचा पोरगा असे दोघं पाठवा. टर्नरला कटचा नुसता आवाज ऐकून कळतं फीड (टूल पुढे सरकायचा वेग) जास्त झालाय, पण जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचनांचा कोड) बघितला की तो बिचकतो, पोराला कोड पाठ पण ईएन-८ (साधं कार्बन स्टील) आणि एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) कापताना काय फरक पडतो ते हाताला माहीतच नसतं, मग दोघं एकमेकांचं डोकं खात शिकतात आणि ते टिकतं.

इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) कंपनीचा इंजिनियर ट्रायलला बोलवा. त्याला माल विकायचाय, त्यामुळे तो येतो आणि स्पीड-फीड बसवून देतो, पण तुम्ही तेवढ्यावर सोडू नका, हाच आकडा का ते विचारत राहा. साकीनाक्याला केंद्र सरकारचं एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचं) ऑफिस आहे, तिथे सध्या कुठले कोर्स आहेत विचारून या.

आता लिहून ठेवायचं काम, जे सगळे टाळतात. प्रत्येक जॉबची सेटअप शीट: प्रोग्रॅम नंबर, जॉ (जॉब पकडणारे चकचे जबडे), कुठलं टूल कुठल्या स्टेशनला (टूल बसवायच्या जागेला), इन्सर्टचा ग्रेड, फोटो. प्रोग्रॅम आणि पॅरामीटरचा (मशीनच्या सेटिंगचा) बॅकअप मशीनबाहेर ठेवा. फॅनक कंट्रोल (फॅनक कंपनीचा, मशीन चालवणारा कॉम्प्युटर) असेल तर मेमरीची बॅटरी पॉवर चालू ठेवूनच बदलायची, नाहीतर सगळं उडू शकतं.

शीट झाली की एक दिवस सेटरला (मशीनवर जॉब लावणाऱ्याला) मुद्दाम सुट्टी द्या आणि दुसऱ्याला नुसती शीट बघून जॉब लावू दे, शेजारी कोणीतरी जाणता उभा ठेवा, आणि तो जिथे अडेल ते त्याच संध्याकाळी शीटमध्ये घाला.