कडक झालेली माती परत वापरायची असेल तर

सबमिशन आटोपलं की मॉडेलिंगची माती अर्धवट सुकून कोपऱ्यात पडते आणि पुढच्या कामाला पुन्हा नवी गोण आणली जाते. तशा अर्धओल्या गोळ्यावर पाणी ओतून उपयोग नाही. वर चिखल होतो, आत दगड तसाच राहतो. आधी ती पूर्ण वाळवायची.

१. तारा, सुतळी, खिळे काढून टाका. लहान तुकडे करून उन्हात खडखडीत वाळवा.

२. तुकडे बादलीत टाकून ते बुडतील एवढं पाणी घाला आणि रात्रभर तसंच ठेवा. ढवळायचा मोह होतो, पण ढवळू नका. कोरडी माती आपणहून फुटून विरते.

३. वरचं पाणी काढा. गाळ जुन्या सुती चादरीवर पसरा. खाली विटा मांडल्या तर पाणी लवकर ओढलं जातं.

४. हाताला चिकटेनाशी झाली की मळा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधा.

शाडूलाही हे चालतं, प्लॅस्टिसिनला (तेलात मळलेल्या मातीला) नाही.

मातीत पीओपीचे कण मात्र राहू देऊ नका. टेराकोटा भाजल्यावर नेमका त्या जागी टवका उडतो, कधीकधी भट्टीतून काढल्यावर काही दिवसांनी.