वयात येणाऱ्या मुलांशी घरात कसे बोलावे

मासिक पाळी सुरू झाल्यावर किंवा आवाज फुटल्यावर लैंगिकतेविषयी बोलू, असे म्हणून थांबू नये. नवव्या-दहाव्या वर्षापासूनच, सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीसारखे निमित्त साधून, अवयवांची खरी नावे घेत थोडे थोडे बोलत जावे. मुलाने प्रश्न विचारताच ‘हे तुला कोणी सांगितले?’ अशी उलटतपासणी घेतली, तर पुढचा प्रश्न ते मित्रांना किंवा मोबाइलला विचारते, आणि मित्रांकडे बहुधा माहितीपेक्षा बढाईच अधिक असते. म्हणून आधी त्याला काय ठाऊक आहे ते ऐकावे, आणि ‘सगळेच करतात’ या दडपणाला नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावे.

मुलींना बंधने आणि मुलग्यांना मोकळीक ही आपल्या घरांतील जुनी वाटणी येथे सर्वांत घातक ठरते. संमती व निरोध यांविषयी मुलग्याशीही तितक्याच स्पष्टपणे बोलावे. आईवडिलांना फारच संकोच वाटत असेल (तो वाटतोच), तर विश्वासातील मावशी, आत्या किंवा काकांची मदत घ्यावी.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) लैंगिक संबंधांसाठी १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही, हेही सांगावे. शासकीय रुग्णालयांतील ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये किशोरवयीनांना समुपदेशन मिळते. अत्याचाराची शंका आल्यास १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर विनामूल्य संपर्क साधावा.