प्लांट प्रोटीनवर डिझर्टेशन घेताय? मग आधी मिठाचा हिशोब लावा

हरभरा, मूग, सोयाबीन असल्या कशातून तरी प्रोटीन काढायचं आणि त्यावर क्षारांचा परिणाम बघायचा, असा विषय गाईडने दिला की सगळे खूश होतात. केमिकल स्वस्त, पीठ कुठेही मिळतं, सहा महिन्यांत उरकेल असं वाटतं. नाही उरकत. पण घाबरायचंही काही नाही, कारण अडचणी ठरलेल्याच आहेत.

प्रोटीन कशात विरघळतं त्यावरून पाडलेले ऑस्बॉर्नचे चार गट (पाण्यात अल्ब्युमिन, मिठाच्या पाण्यात ग्लोब्युलिन वगैरे) पाठ असतीलच, व्हायव्हात झोपेतसुद्धा सांगता येतात. कामाची गोष्ट एवढीच की डाळींतलं निम्म्याहून जास्त प्रोटीन ग्लोब्युलिन असतं, म्हणजे सातएस आणि अकराएस (आकारावरून पडलेली नावं), आणि त्याला विरघळायला थोडं मीठ लागतं. ०.५ मोलरच्या आसपास सोडियम क्लोराईड, म्हणजे लिटरला साधारण २९ ग्रॅम, हे चालतं. आता नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्येही बरंच प्रोटीन निघतं, मग नवीन पोरं म्हणतात की पुस्तक चुकीचं आहे. पुस्तक बरोबर आहे, पिठात स्वतःचेच पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट असतात, ते पाण्यात उतरतात आणि मिठाचं काम करतात. म्हणून पीठ आणि पाण्याचं प्रमाण मध्येच बदलू नका, १:१० म्हणजे शेवटपर्यंत १:१०. आणि एआर ग्रेडचंच, म्हणजे लॅबसाठीचं शुद्ध मीठ वापरा, किराणा दुकानातलं आयोडीनवालं नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून भलतंच काहीतरी मिसळलेलं असतं.

दोन क्षारांची तुलना करणार असाल तर मोलॅरिटीवर करू नका, आयोनिक स्ट्रेंथवर करा, म्हणजे आयन किती आणि त्यांचा चार्ज किती हे दोन्ही धरून काढलेल्या आकड्यावर. ०.१ मोलर सोडियम क्लोराईडची आयोनिक स्ट्रेंथ ०.१, पण तेवढ्याच मोलर कॅल्शियम क्लोराईडची ०.३. चार्जचा वर्ग येतो ना. हे न बघता 'कॅल्शियमचा परिणाम जास्त' असं लिहिलं की एक्स्टर्नल तिथेच पकडतो. कॅल्शियमचा वेगळा परिणाम असतोच, तो प्रोटीनला थेट चिकटतो, टोफू त्यावरच तर जमतो, पण तो दाखवायचा तर आधी हा फरक काढून टाकायला हवा.

आता खरा सापळा. इथे मी लांबण लावणार आहे, कारण माझं आख्खं सेमिस्टर यात गेलं.

अमोनियम सल्फेट घालून प्रोटीन खाली बसवलं, डायलिसिस केलं (बारीक छिद्रांच्या नळीत भरून पाण्यात ठेवलं, की क्षार बाहेर जातो आणि प्रोटीन आत राहतं), फ्रीज ड्राय करून पावडर केली, प्रोटीनचं प्रमाण काढायला केल्डालला लावलं आणि ९३ टक्के आलं. लॅबमध्ये पेढे वाटायची वेळ. थांबा जरा. केल्डाल प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजतं. डायजेशनमध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिड तुमच्या प्रोटीनमधल्या नायट्रोजनचं काय बनवतं? अमोनियम सल्फेट! म्हणजे जो क्षार तुम्ही बाहेरून ओतला आणि नीट धुतला नाही तोच मशीनला सापडतो, आणि आतला कुठला बाहेरचा कुठला हे त्याला कळायचा प्रश्नच नाही. अमोनियम सल्फेटमध्ये २१ टक्के नायट्रोजन, त्याला ६.२५ ने (नायट्रोजनवरून प्रोटीन काढायला याच आकड्याने गुणतात) गुणलं की १३२. म्हणजे शुद्ध अमोनियम सल्फेट तुम्हाला १३२ टक्के 'प्रोटीन' दाखवेल. तुमच्या पावडरीत खरं प्रोटीन ८० टक्के आणि उरलेला क्षार १० टक्के असेल तरी आकडा ९३ येणार. वर त्याच पावडरीची फोमिंग, इमल्शन, जेलिंग टेस्ट तुम्ही 'मीठविरहित कंट्रोल' म्हणून करणार, आणि कंट्रोलमध्येच मीठ! मग पुढचे सगळे ग्राफ वाकडे.

उपाय फुकटात होतो. डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्यातलं थोडं टेस्टट्यूबमध्ये घ्या, बेरियम क्लोराईडचे दोन थेंब टाका. पांढरं दूध झालं तर सल्फेट अजून येतंय, पाणी बदला. बदलल्यावर तीन-चार तास ढवळत ठेवून मगच परत तपासा, लगेच तपासलं तर पाणी साफ दिसणारच. सोडियम क्लोराईड वापरलं असेल तर हेच सिल्व्हर नायट्रेटने होतं. बेरियम विषारी आहे, ग्लोव्हज घाला, सिंकमध्ये ओतू नका. 'रात्रभर ठेवलं, झालं डायलिसिस' हे सिनिअर लोकांचं वाक्य लॅबच्या भिंतीवर कोरून ठेवलंय जणू, ते मनावर घेऊ नका. सिनिअरची जर्नल झेरॉक्स करून प्रोटोकॉल उचलणं हा प्रकारच मला पटत नाही, त्यात काय केलं ते असतं, काय बिघडलं ते कुणीच लिहीत नाही. गाईडला विचारावं तर ते म्हणतात पेपरमध्ये बघ.

डायलिसिसचं अजून एक. नळी गच्च भरू नका, आत क्षार असल्यामुळे पाणी आत शिरतं आणि नळी फुगून टम्म होते, गाठ सुटली की सगळं प्रोटीन बादलीत. एक तृतीयांश जागा रिकामी सोडा. आणि दुसऱ्या दिवशी आत पांढरा ढग दिसला तर सँपल नासलं म्हणून फेकू नका, प्लीज! वास घेऊन बघा, वास नसेल तर ते तुमचं ग्लोब्युलिनच आहे, मीठ गेलं म्हणून खाली बसलंय. वरच्या स्वच्छ पाण्यात अल्ब्युमिन राहिलंय. दोन्ही वेगळं हवं असेल तर इथेच सेंट्रीफ्यूज करा.

अल्कलीत काढून ४.५ पीएचला बसवणारे म्हणतील आम्ही मीठ वापरतच नाही. वापरता. सोडियम हायड्रॉक्साईड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड एकमेकांत ओतल्यावर दुसरं काय तयार होतं? पीएच मीटरशेजारी कंडक्टिव्हिटी मीटर ठेवा आणि प्रत्येक सँपलचं रीडिंग लिहा, बास.

गुणधर्मांच्या टेस्टमध्ये साधारण काय दिसेल ते सांगते, म्हणजे उलटं आलं म्हणून दचकणार नाही. बिनमिठाचा सॉल्युबिलिटी ग्राफ ४.५ पीएचपाशी खोल दरीसारखा असतो. मीठ घातलं की दरी उथळ होते, कारण मिठाचे आयन प्रोटीनवरचे चार्ज झाकतात आणि कण एकमेकांना धरत नाहीत. पण ७ पीएचला तेच झाकणं अंगावर येतं, कारण तिथे चार्जच कणांना लांब ठेवत होते, म्हणून इमल्शन बऱ्याचदा लवकर फुटतं. डीएससीला, म्हणजे तापवताना प्रोटीनची घडी कधी मोडते ते दाखवणाऱ्या मशीनला लावलंत तर मिठामुळे डिनॅचरेशनचं (घडी मोडण्याचं) तापमान वर सरकतं, म्हणजे ज्या तापमानाला बिनमिठाचं जेल बनलं त्याच तापमानाला मिठाचं बनेलच असं नाही. जेल जमलं नाही म्हणून पावडर खराब ठरवू नका, वॉटर बाथ ९५ अंशांवर नेऊन बघा.

क्षारांच्या टोकाला गेलात तर होफमाइस्टरची १८८८ ची मालिका लागेल, म्हणजे कुठला आयन प्रोटीनला किती जोरात खाली बसवतो त्याचा क्रम, सल्फेट एका टोकाला आणि थायोसायनेट दुसऱ्या. सगळे क्षार घेऊ नका, तीन पुरे. आणि फ्रीज ड्रायरची तारीख आजच लिहून ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये सगळा डिपार्टमेंट त्याच्यावर तुटून पडतो.